मदत हवी आहे: पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) डिझाइन थिंकिंग बसवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. ग्रंथालय व माहितीशास्त्रात पीएच.डी. करतेय. विषय, गावच्या वाचनालयात न येणाऱ्या बाया. (गाईडच्या भाषेत ‘ग्रामीण महिलांचे माहितीविषयक वर्तन’.)

आधी सगळ्यांसारखी प्रश्नावलीच काढली. वाचनालय ड वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं. ६० फॉर्म वाटले, भरून आले, आणि जवळपास सगळ्यांची टिक ‘समाधानी’वर. त्यातल्या निम्म्या बाया वाचनालयाची पायरी कधी चढल्याच नव्हत्या! एकीला विचारलं तर म्हणे, "तुम्ही कालेजच्या मॅडम, तुमाले नाही कसं म्हनाव?"

मग आयडिओ या डिझाइन कंपनीनं शिकागो आणि डेन्मार्कमधल्या ऑर्हूसच्या सार्वजनिक ग्रंथालयांसोबत केलेलं डिझाइन थिंकिंगचं २०१५चं टूलकिट हाती लागलं. (डिझाइन थिंकिंग म्हणजे वापरणाऱ्यांना बघून अडचण ओळखायची, छोटा उपाय करून पाहायचा, चुकला तर बदलायचा.) भिंतभर रंगीत चिठ्ठ्यांचे फोटो पाहून हसू आलं, आमच्या भिंतीचे पोपडे निघतात, चिठ्ठी टिकणार कुठे? पण ‘आधी माणसापाशी जाऊन बसा, अडचण मग ठरवा’ हे पटलं.

कापूस वेचणीचे दिवस होते. बाया सकाळी शेतात, घरी यायला सहा, आणि वाचनालयही सहालाच बंद. शिवाय दाराशीच पेपर वाचणाऱ्या माणसांचा बाक, तो ओलांडून आत कोण जाणार? बाया निवांत थांबतात ती जागा एकच सापडली, पिठाची गिरणी. नंबर लागेपर्यंत तिथं बसावंच लागतं. तिथे क्रेटमध्ये ४० पुस्तकं ठेवली. पहिल्या आठवड्यात एकही हललं नाही. गिरणीवाल्या काकूंनी कारण सांगितलं: "पिठाचे हात लागले तं पुस्तक खराब होते, मंग पैसे कोन भरीन?" ‘दंड नाही’ अशी पाटी लावली. दुसऱ्या आठवड्यात ११ गेली, बहुतेक लहान मुलांची. मी लगेच वहीत लिहिलं, ‘आया मुलांसाठी नेतात’. चूक! एक बाई हळूच म्हणाली, मी चौथीत शाळा सोडली, यातली अक्षरं मोठी असतात म्हणून मीच वाचते.

आता गाईड म्हणतात, हा उपक्रम झाला, संशोधन नाही. गृहीतक (आधी मांडून तपासायचा अंदाज) कुठाय? काय-वर्ग चाचणी (आकड्यांतला संबंध तपासणारी) कशावर लावणार? पुढच्या महिन्यात आरआरसी (विषयाला मंजुरी देणारी विद्यापीठाची समिती) आहे. दर फेरीला माझी अडचणच बदलतेय, तर उद्दिष्टं आधीच कशी लिहू? कुणी यातून गेलंय का?

प्रतिसाद १
ताई, गुपचूप प्रश्नावली करा, डिग्री घ्या आणि मग गिरणी चालवा. अनुभवाचे बोल.

प्रतिसाद २
वरच्या भाऊंचं ऐकू नका, पण गाईडशी भांडूही नका. त्यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. नुसता क्रेट ठेवणं संशोधन नाहीच. क्रेट का फसला, त्यावरून काय बदललं आणि त्यातून दुसऱ्या गावाला उपयोगी पडेल असं काय कळलं, हे पुराव्यानिशी मांडलं की ते संशोधन होतं.

आधार दोन देते. कला-डिझाइनचे अभ्यासक फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये ‘डिझाइनमधून संशोधन’ (काही घडवता घडवता त्यातून शिकणं) हा वेगळा प्रकार मांडला, तो तुमचाच. दुसरा, माहिती प्रणालीचे अभ्यासक हेवनर आणि सहकाऱ्यांचा २००४चा डिझाइन सायन्सवरचा (उपाय घडवून, तपासून केलेल्या संशोधनावरचा) लेख. त्यातल्या सात सूत्रांपैकी एक म्हणजे डिझाइन ही शोधप्रक्रियाच आहे. अडचण बदलते याचं उत्तर तिथं आहे. आरआरसीला ओळखीचं नाव लागतं, म्हणून भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या १९३१च्या पंचसूत्रीतलं चौथं, ‘वाचकाचा वेळ वाचवा’, पाया म्हणून घ्या.

गृहीतकाऐवजी संशोधन प्रश्न लिहा. उद्दिष्टांत उपाय लिहू नका (‘गिरणीवर क्रेट ठेवणे’ नको), फेऱ्या लिहा: निरीक्षण, अडचणीची मांडणी, नमुना (करून पाहायचा छोटा उपाय), चाचणी. दर फेरीआधी तुमचा अंदाज तारखेसह वहीत नोंदवा. तो चुकला की तोच पुरावा. ते ६० फॉर्म तर टाकूच नका! बाया ‘समाधानी’ का म्हणाल्या, हे पहिलं प्रकरण आहे.

धागाकर्ती
खूप आभार ताई. फॉर्म रद्दीत द्यायला काढले होते, गठ्ठा परत आणला. ‘आया मुलांसाठी नेतात’ हे वाक्य खोडलं होतं, ते आता तारखेसह तसंच ठेवते. काल क्रेटमधला एक अंक उंदरानं कुरतडला, तेही नोंदवायचं का?