हायसिंथला आपण नेमकं कशासाठी हसतो?

पोफळी

२०२५च्या ऑक्टोबरात पॅट्रिशिया रूटलेज गेल्या, वयाच्या ९६व्या वर्षी. तेव्हा आईबरोबर 'कीपिंग अप अपिअरन्सेस' पहिल्यापासून पुन्हा बघायला घेतली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बीबीसीची १९९० ते १९९५ची विनोदी मालिका, लेखक रॉय क्लार्क. हायसिंथ बकेट ही गृहिणी आपलं आडनाव 'बुके' असं उच्चारते, लोकांना मेणबत्त्यांच्या उजेडातल्या जेवणाची आमंत्रणं देते, आणि कौन्सिलच्या (म्हणजे नगरपालिकेच्या, स्वस्त भाड्याच्या) घरात राहणाऱ्या बहिणी डेझी नि रोझ, शिवाय डेझीचा बनियनवर वावरणारा नवरा ऑन्स्लो कुणा प्रतिष्ठिताच्या नजरेला पडू नयेत म्हणून जिवाचं रान करते.

कॉलेजात असताना पोट धरून हसले होते. या वेळी दोन-तीन भागांतच हसू आटलं. ही बाई त्याच घरातून आली आहे. शिक्षण नाही, पैसा नाही. वरच्या लोकांकडे बघून, ऐकून जे उचलता आलं ते तिने उचललं. आणि मालिका वरच्यांना हात लावत नाही, तिला मात्र दर भागात तोंडघशी पाडते, जणू जिथे जन्मलीस तिथेच राहा. २०१६मध्ये क्लार्क यांनीच तिच्या तरुणपणावर एक भाग लिहिला. त्यात ती श्रीमंतांकडे मोलकरीण आहे. हे कळल्यावर मला तरी तिच्या चहाच्या कपांना हसवत नाही.

माझी आई लग्न होऊन पुण्यात आली तेव्हा 'आनी-पानी' सुटावं म्हणून रात्री दिराची पाठ्यपुस्तकं मोठ्याने वाचायची. मालिका बघताना ती एकदाही हसली नाही.

दगडफूल

पोफळीताई, आईंबद्दल वाचून वाईट वाटलं, पण मुद्द्याशी पूर्ण असहमत. तुमच्या आई स्वतःसाठी शिकल्या. हायसिंथ दुसऱ्यांना मोजण्यासाठी शिकते. शेजारीण एलिझाबेथ बिचारी कॉफीला बोलावलं की घाबरते, त्या रॉयल डॉल्टनच्या महागड्या चिनी मातीच्या कपाला तडा जाईल या भीतीने तिचे हात थरथरतात आणि नेमकं सांडतं. तिचा भाऊ एमेट घराबाहेर पडायला बिचकतो, कारण तो संगीतातला आणि हायसिंथ दिसली की गायला लागते. चर्चचा पाद्री तिला बघून लपतो. आणि तिचा नवरा रिचर्ड! गाडी तो चालवतो, पण रस्त्यावरचा प्रत्येक माणूस त्याला हायसिंथ दाखवणार. याला धडपड नाही, जुलूम म्हणतात.

वरच्यांना मालिका हात लावत नाही असं तुम्हाला वाटतं, पण तिसरी बहीण व्हायलेट आठवा. मर्सिडीज, सौना, घोड्यासाठी जागा, सगळं आहे. आणि नवऱ्याशी सतत भांडण. त्याउलट ऑन्स्लोला कुणापुढे काहीच सिद्ध करायचं नाही. बिअर पीत टीव्हीसमोर बसलेला हा माणूस मधूनच असं काही बोलतो की डोकं चांगलं चालतं हे लगेच कळतं. माझ्या मते मालिका त्याच्या बाजूची आहे.

मिडलँड्सकर

मी बरीच वर्षं इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत आहे. हायसिंथचं घर इथून जवळच बिन्ली वूड्समध्ये आणि ऑन्स्लोचं स्टोक ऑल्डरमूरमध्ये चित्रित केलंय. गाडीने अगदी थोडं अंतर. पण पहिल्या ठिकाणी हिरवळ आखीव, दुसरीकडे कौन्सिलची वस्ती. मालिकेतही ती हे अंतर पुन्हापुन्हा कापते, आणि ऑन्स्लोच्या अंगणातल्या मोडक्या गाडीतून कुत्रा भुंकला की दचकून कुंपणात कोसळते.

इथल्या वर्गव्यवस्थेची मेख दगडफूल यांनी लक्षात घ्यावी. १९५४मध्ये ॲलन रॉस या भाषाशास्त्रज्ञाने उच्चवर्गीय आणि इतर यांच्या शब्दांतला फरक मांडला. खरे उच्चवर्गीय रुमालाला साधं 'नॅपकिन' म्हणतात, वर चढू बघणारे नाजूक वाटतं म्हणून 'सर्व्हिएट' म्हणतात, आणि तिथेच पकडले जातात. म्हणजे जितकी मेहनत जास्त तितकी चोरी लवकर उघडी. जन्माने आलेल्यालाच पास करणारी ही परीक्षा आहे. मालिका सुरू झाली ऑक्टोबर १९९०मध्ये आणि पुढच्याच महिन्यात जॉन मेजर पंतप्रधान झाले, वर्गविरहित समाजाची भाषा करत. मी ऑफिसात आजही बघतो, माणसाने तोंड उघडलं की समोरचा मनात त्याची शाळा ठरवून मोकळा होतो.

दगडफूल

सर्व्हिएटचा मुद्दा मान्य. पण मग राग परीक्षा घेणाऱ्यांवर हवा, मालिकेवर का? ती परीक्षा किती खोटी आहे हे रूटलेज यांनीच दाखवलं. हायसिंथ घाबरली किंवा चिडली की तिचा कमावलेला उच्चार गळून पडतो आणि खालून मूळचा आवाज येतो. तो एक क्षण ऐका. तिथे मला पहिल्यांदा तिची माया आली, आणि ती मालिकेनेच आणली.

पोफळी

हो, तो आवाज मलाही ऐकू आला. रिचर्डबद्दलही तुमचं खरं, त्याचं लवकर निवृत्त होणं बघताना जीव गुदमरतो. तेवढं मागे घेते.

पण आवाज गळून पडतो तेव्हा ध्वनिफितीवर लोक हसतात, दगडफूल. माया तुम्हाला आली, त्यांना नाही.

आणि एक गोष्ट आईने दाखवली, माझ्या लक्षात आली नव्हती. हायसिंथ बहिणींना लपवते, तोडत मात्र नाही. तो पांढरा फोन वाजतो, म्हातारे डॅडी पुन्हा कुठेतरी पळाले म्हणून निरोप येतो, आणि ती हॅट घालून रिचर्डला गाडी काढायला लावते. आई म्हणाली, "बघ, निघाली."