मदत हवी आहे: कृष्णविवराजवळचे भडके नेमके कशामुळे?

रोहिणी_शकट: उद्या कॉलेजात प्रेझेंटेशन आहे आणि मी एकाच स्लाइडवर अडकलेय. प्रकाशसुद्धा सुटत नाही म्हणतात मग २०१९ ला दोन तासांत तेजात ७५ पटींचा फरक कसा पडला? कुणी लिहितं तारा गिळला, कुणी चुंबकीय क्षेत्र. खरं काय? प्लीज लवकर सांगा.

ध्रुव७: कुठलं कृष्णविवर? आणि कुठल्या प्रकाशात, क्ष-किरण की इन्फ्रारेड?

गॅलिलिओप्रेमी: ताराच. जवळ गेला की फाटतो, अर्धा बाहेर फेकला जातो, उरलेला गोल फिरत तापतो. २०१४ चं एएसएएसएसएन-१४एलआय (दुसऱ्या दीर्घिकेत तारा फाटल्याची घटना) वाच, सगळं कळेल.

रोहिणी_शकट: अहो आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलंच, सॅजिटेरियस ए स्टार! हवाईतल्या केक दुर्बिणीचं निरीक्षण, इन्फ्रारेड.

ध्रुव७: मग तारा विसर. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने २०२३-२४ मध्ये एकूण ४८ तास बघितलं तर दिवसाला पाच-सहा मोठे भडके, मधे बारीकसारीक चालूच. रोज एवढे तारे कुठून येणार? शिवाय तारा फाटला तर उजेड महिनोन्महिने टिकतो, इथे तासाभरात खेळ खलास. प्रकाश विवरातून नाही, बाहेर फिरणाऱ्या वायूतून येतो. त्यातल्या चुंबकीय रेषा पिळल्या जाऊन तुटतात, नव्याने जुळतात आणि ती ऊर्जा इलेक्ट्रॉनांना मिळते, ते भन्नाट वेगाने चुंबकीय क्षेत्रात वळताना प्रकाश टाकतात, सिंक्रोट्रॉन म्हणतात तो. २०१८ ला ग्रॅव्हिटी उपकरणाला असे तप्त ठिपके प्रकाशाच्या ३० टक्के वेगाने फिरताना दिसले, मला तर हाच सगळ्यात भारी पुरावा वाटतो.

गॅलिलिओप्रेमी: पण २०१८ लाच एस२ तारा जवळून गेला, त्याआधी २०१४ ला जी२ हा वायूच्या ढगासारखा गोळा. त्यांचा वायू पडला असेल ना?

ध्रुव७: २०१९ च्या भडक्यासाठी तीही शक्यता मांडली गेली होती. पण ते झालं इंधन, रोजच्या भडक्यांना ठिणगी वेगळी लागते.

तारांगण_पुणे: ओजे २८७ ही दूरची दीर्घिका कुणीच कशी घेत नाही? तिथे दुसरं कृष्णविवर १२ वर्षांत दोनदा मोठ्याभोवतीच्या वायूच्या चकतीतून आरपार जातं असं मॉडेल आहे. ३१ जुलै २०१९ चा भडका आधी वर्तवलेला, स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने पकडला. मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मधले गोपकुमार त्या कामात आहेत. स्लाइडमध्ये हेच टाक.

मिलिंद_एन: सॅजिटेरियस म्हणजे धनु रास, ती बघायची तर आठ इंची डॉबसोनियन दुर्बीण घ्या, जूनमध्ये मस्त दिसते.

ध्रुव७: दृश्य प्रकाशात केंद्र दिसतच नाही हो, मधे धूळ आहे.

रोहिणी_शकट: दुर्बीण नकोय मला! शेवटचं सांगा, क्ष-किरण आणि इन्फ्रारेडचा भडका बरोबरच येतो का?

ध्रुव७: क्ष-किरणांचा आला की इन्फ्रारेडचा असतोच. उलट मात्र दरवेळी नाही.