शाळेच्या कार्यालयात लिनक्स आणि लिबर ऑफिस आणावं का?

पाटीपेन्सिल

सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षण संस्थेत मी विज्ञान शिकवतो. संगणकातलं बऱ्यापैकी कळतं म्हणून कार्यालय आणि दोन शाळा मिळून चौदा संगणकांची देखभालही माझ्याकडेच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. आमची यंत्रं चौथ्या पिढीच्या आय-थ्रीची. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे आमचं एकही त्यात बसत नाही. चांगली चालणारी चौदा यंत्रं टाकून नवी घ्यायची म्हणजे पुन्हा देणगीदारांच्या दारात उभं राहणं आलं. शिवाय यातल्या निम्म्याहून जास्त यंत्रांवरचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस विनापरवाना आहे. परीक्षेत कॉपी करू नका असं आम्ही मुलांना सांगतो, आणि आमच्याच टेबलावर हे चालू आहे. मला ते फार डाचतं.

माझं म्हणणं असं : आहे त्या विंडोजवरच सगळीकडे आधी लिबर ऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलची कामं करणारं मोफत सॉफ्टवेअर, बसवावं, त्याच्यावर हात बसू द्यावा, आणि मग विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली. दोन यंत्रांवर जूनपासून लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार चालवून पाहतोय. युडायस प्लस, सरल, शालार्थ या सरकारी संकेतस्थळांवरची रोजची कामं ब्राउझरमध्ये होतात, तिथे काही अडलं नाही.

अडलं ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. छापील कोऱ्या दाखल्यावर आम्ही फक्त माहिती छापतो. लिबर ऑफिसमधून पहिला दाखला काढला तर जन्मतारीख जन्मस्थळाच्या ओळीवर जाऊन बसली. मूळ फाइल मंगल फॉन्टमधली. लिनक्सवर मंगल नसतो, म्हणून त्याच्या जागी दुसरा फॉन्ट आला आणि त्याच्या ओळीची उंची किंचित वेगळी निघाली. एका ओळीत ते दिसतही नाही, पण दहाव्या ओळीपर्यंत अख्खी ओळ सरकते. शेवटी कोरा दाखला समोर ठेवला, पट्टीने प्रत्येक ओळ मोजली, तेवढ्याच उंचीच्या पक्क्या ओळींचा तक्ता केला आणि मुक्ता फॉन्ट घेतला. एक संध्याकाळ गेली. आता तोच दाखला विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडून जागेवर छापला जातो.

संस्थाचालकांची बैठक पुढच्या महिन्यात आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनीही मोकळेपणाने लिहावं.

खतावणी

सर, तुमची तळमळ समजते, पण मी विरोधात आहे. वीस वर्षं हिशेब लिहितोय, त्यात दोन संस्थांचेही. संस्थेचे हिशेब टॅलीत असतात आणि ऑडिटर टॅलीचाच बॅकअप मागतात. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाइनमधून चालवता येतं म्हणतात, पण ३१ मार्चच्या रात्री ते उघडलं नाही तर मी कोणाला फोन करायचा? जीएसटीआर-९ या जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राची ऑफलाइन युटिलिटी म्हणजे मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असलेली एक्सेल फाइल. लिबर ऑफिसला एक्सेलचे मॅक्रो पूर्ण समजत नाहीत. तुमच्या शाळेला ती लागत नसेल, माझ्या बाकीच्या अशिलांना लागते.

तुमची एक संध्याकाळ गेली म्हणता. तुम्ही होतात म्हणून एकच गेली. उद्या तुमची बदली झाली तर पट्टी घेऊन कोण बसणार? परवान्याचे पैसे वाचतात ते दिसतं, माणसाचा वेळ जातो तो कुठल्याच खात्यावर पडत नाही. आणि विनापरवाना प्रतीचं दुखणं असेल तर पात्र शाळांना मायक्रोसॉफ्टचं वेबवरचं ऑफिस फुकट मिळतं. ते घ्या, प्रश्न मिटला.

मात्रावेलांटी

मी प्रश्नपत्रिका आणि वार्षिक अंक जुळवते. खतावणींचा मुद्दा हिशेबाचा आहे, माझा अक्षरांचा. शाळांकडच्या जुन्या प्रश्नपत्रिका, इतिवृत्तं, नोटिसा युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत असलेल्या पद्धतीत, नाहीत. त्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, म्हणजे फाइलच्या पोटात इंग्रजी चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. तो फॉन्ट लिनक्सवर टाकलात तर वाचता येईल, पण टाइप करायचं सॉफ्टवेअर विंडोजचंच. कन्व्हर्टरमधून काढलं की रफार भलत्याच अक्षरावर बसतो, जोडाक्षरं सुटतात. चाळीस पानं मी ओळ न ओळ पुन्हा तपासली आहेत.

दुसरं, टायपिंगच्या परीक्षा देऊन नोकरीला लागलेल्या बाईंचे हात टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर बसलेले असतात. लिनक्सवर हिंदीचं रेमिंग्टन सापडलं, पण त्यात ‘दुसऱ्या’ लिहायला गेलं की ‘दुसर्या’ व्हायचं. आमच्या बाई दर ओळीला अडायच्या. दोन दिवसांनी त्यांनी मला हात जोडले. मराठी माणसाला मराठीतलं साधं अक्षर काढता येऊ नये, याचं फार वाईट वाटलं.

इसारकाठ

बारा वर्षं जर्मनीतल्या म्युनिकमध्ये राहतोय. हा वाद या शहराने मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे, म्हणून लिहितो. २००३ मध्ये इथल्या नगरपरिषदेने लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचं ठरवलं. लिनक्स चालत नाही याचा पुरावा म्हणून हे नेहमी सांगितलं जातं. मला तसं वाटत नाही. पत्रांचे नमुने सांभाळायला महापालिकेने वोलमक्स नावाचं स्वतःचं साधन लिहून घेतलं, म्हणजे पाटीपेन्सिल सरांच्या पट्टीचंच मोठं रूप. काम झालं होतं. पुढे सत्तेतली माणसं बदलली आणि पाठबळ गेलं.

उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये ३०,००० संगणकांवर लिबर ऑफिस आणायचा निर्णय जाहीर केला. त्यांनीही ऑफिस आधी आणि लिनक्स नंतर असाच क्रम लावला आहे. सरांचा क्रम बरोबर आहे.

खतावणी

इसारकाठ, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. पाठबळ गेलं की सगळं परत फिरतं. म्युनिककडे स्वतःचे प्रोग्रामर होते, या संस्थेकडे एक विज्ञान शिक्षक आहे.

नारळीपोफळी

मी नोकरीनिमित्त कोचीत असते, मुलगी इथल्या सरकारी शाळेत शिकते. केरळच्या सरकारी शाळांत बरीच वर्षं लिनक्सच आहे. पाठ्यपुस्तकातले धडेच त्यावर बेतलेले असतात आणि शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण मिळतं. मुलीला लिबर ऑफिस काही वेगळं आहे असं वाटतच नाही. पण इथे राज्य पाठीशी आहे. एका संस्थेने एकट्याने करणं वेगळं, हे खतावणींचं म्हणणं मला पटतं.

पाटीपेन्सिल

खतावणीकाका, टॅलीचं तुमचं शंभर टक्के मान्य. हिशेबाचं यंत्र विंडोजवरच राहील. त्या एकासाठी नवा संगणक घ्यायचा आणि परवानाही रीतसर घ्यायचा, हे मी ठरावात घालतो. चौदाऐवजी एक विकत घेणं आम्हाला झेपतं.

वेबवरच्या फुकट ऑफिसचं मात्र पटत नाही. आमच्या एका शाळेत दुपारी वीज गेली की नेटही जातं. आणि तिथले नियम उद्या बदलले तर आम्ही काय करणार? मात्रावेलांटीताईंनी सांगितलेलं दुखणं आम्हीही भोगतोय. २००१ ते २००६ ची इतिवृत्तं एका जुन्या फॉन्टमध्ये आहेत. जमिनीच्या एका कामासाठी त्यातला ठराव हवा होता. फाइल उघडली, पण पानभर नुसती चिन्हं. ठराव आमचा, सह्या आमच्या माणसांच्या, आणि वाचता आम्हालाच येईना. शेवटी जुन्या वहीतून हाताने उतरवून घेतला. म्हणून मी ओडीएफ या लिबर ऑफिसच्या फाइल-प्रकाराचा आग्रह धरतो. २००६ पासून तो आयएसओ २६३०० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक म्हणून जाहीर आहे, आणि कोणीही वाचणारा प्रोग्राम लिहू शकतो.

खतावणी

वर्डचा डॉक्स हा फाइल-प्रकारही आयएसओचंच मानक आहे, क्रमांक २९५००, २००८ पासून. आणि तुमची इतिवृत्तं फॉन्टमुळे गेली, वर्डमुळे नाही. तोच जुना फॉन्ट ओडीएफमध्ये वापरला असता तरी चिन्हंच दिसली असती.

पाटीपेन्सिल

फॉन्टचं बरोबर, तिथे मी दोन गोष्टी एकत्र केल्या. युनिकोडचा नियम मी वेगळा आणि आधी लावायला हवा. पण डॉक्सचं तेवढं सरळ नाही. वर्ड आपणहून फाइल ठेवतं ती त्या मानकाच्या ‘ट्रान्झिशनल’ प्रकारात, जुन्या सवयी सांभाळणाऱ्या. कडक प्रकार वेगळा निवडावा लागतो, आणि तो निवडणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

आवकजावक

मी एका शाळेत मुख्य लिपिक आहे. एवढं सगळं वाचलं, पण ज्याच्या टेबलावरचं बदलणार त्या माणसाला कोणीच विचारलं नाही, म्हणून लिहितो. मला लिबर ऑफिस शिकायला हरकत नाही. आधी टाइपरायटर शिकलो, मग वर्ड शिकलो, हेही शिकेन. पण दहावीच्या अर्जांच्या दिवसांत माझ्या संगणकाला हात लावू नका. एका विद्यार्थ्याच्या नावात वेलांटी चुकली तर पुढे दुरुस्तीसाठी त्याच्या आईवडिलांना खेटे घालावे लागतात, आणि ते पहिल्यांदा माझ्याकडेच येतात. आणि शिकवायचं तर माझ्याच दाखल्यावर, माझ्याच हजेरीपटावर शिकवा. प्रोजेक्टरवरचं व्याख्यान नको.

पाटीपेन्सिल

भाऊसाहेब, हे मी सगळ्यात आधी करायला हवं होतं. आमच्या संस्थेतल्या लिपिक भाऊसाहेबांना उद्या मधल्या सुट्टीत भेटतो. बैठकीला जायच्या आधी त्यांचे रोजचे नमुने किती, ते त्यांच्याकडूनच लिहून घेतो. बदल मे महिन्यात, निकालाचं काम झाल्यावर. मात्रावेलांटीताई, ‘ऱ्या’ नीट काढणारी रेमिंग्टन मांडणी मी तोवर शोधतो. नाही मिळाली तर तुमच्या बाईंसारख्या टायपिस्टचं यंत्र विंडोजवरच ठेवतो, फक्त ऑफिस बदलतो.

मात्रावेलांटी

मांडणी मिळाली तर इथे नक्की टाका. तपासायला ‘तऱ्हा’, ‘कोऱ्या’, ‘वऱ्हाड’ हे तीन शब्द आधी टाइप करून बघा.