मदत हवी आहे: जपानी ‘उइझु कोरोना’साठी मराठीत काय लिहू?

नमस्कार मंडळी, जपानीतून अनुवाद करणाऱ्यांना विचारतेय. एका जपानी कंपनीच्या २०२१ च्या अहवालात ‘उइझु कोरोना’ पानोपानी आहे. इंग्रजी ‘विथ’ला कोरोना जोडून जपानमध्ये रूढ झालेला हा शब्द, टोकियोच्या गव्हर्नर युरिको कोइके यांनी तो २०२० मध्ये बराच वापरला. विषाणू इतक्यात जाणार नाही, तेव्हा काळजी घेत व्यवहार चालू ठेवायचे, असा त्याचा रोख. ‘कोरोनाकाळ’ लिहिलं तर नेमकी ही भूमिकाच हरवते आणि मला तीच जपायची आहे. ‘कोरोनासोबतचं जगणं’ चालेल का? आणि जपानमध्ये राहणाऱ्यांनो, मे २०२३ मध्ये तिथे कोविडला हंगामी फ्लूच्याच वर्गात टाकलं, त्यानंतरही हा शब्द तुमच्या कानावर पडतो का? तळटीप द्यायची की नाही, ते त्यावर ठरवेन.