पेटीत चिठ्ठ्या येतात, पण मशीनवरचा मुलगा बोलत नाही. काय करावं?

रबाळे_प्रेसशॉप

नमस्कार. रबाळे एमआयडीसीतल्या एका शीट मेटल कंपनीत मी प्रॉडक्शन बघते. इथे सोळा वर्षं झाली. आधी क्वालिटीला होते, गेली पाच वर्षं प्रेस शॉप माझ्याकडे आहे. एकूण १९० माणसं, त्यातली ८० कायम, बाकीची दोन ठेकेदारांची. १४ पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापणारी, वाकवणारी मशीनं), पुढे वेल्डिंग आणि पावडर कोटिंग.

जानेवारीत आमच्या मालकांनी ठरवलं की कंपनीत माणसाला पहिलं स्थान मिळेल असं वातावरण तयार करायचं. ते हे मनापासून म्हणतात, मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. जबाबदारी एचआरच्या मॅडमवर आणि माझ्यावर आली. महिनाअखेरीला वाढदिवसाचा केक सुरू केला, भिंतीवर मराठी-हिंदीत पाच मूल्यं रंगवून घेतली, गेटजवळ सूचना पेटी लावली.

तीन महिन्यांत पेटीत ११ चिठ्ठ्या पडल्या. सात संडास आणि वॉटर कूलरबद्दल. दोन ठेकेदाराचा पगार उशिरा होतो म्हणून. एकीत 'बसायला स्टूल द्या' एवढंच. आणि एक कोरी होती, नीट चार घड्या घालून टाकलेली.

आता मूळ गोष्ट. मार्चमध्ये स्टोअरवाल्याने मला सहज विचारलं, तुमच्या सेकंड शिफ्टला हातमोजे इतके का लागतात? चौकशी करत गेले तेव्हा कळलं की आठ दिवसांपूर्वी ६० टनी प्रेसवर एका मुलाच्या डाव्या हातमोज्याची बोटं डायमध्ये (पीसला आकार देणाऱ्या साच्यात) चेपली होती. आतलं बोट थोडक्यात वाचलं, नख काळं पडलं. त्याने मोजा स्क्रॅपच्या डब्यात टाकला, स्टोअरमधून दुसरा घेतला आणि शिफ्ट पूर्ण केली. प्रेसला दोन हातांची बटणं आहेत. डावं बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने दाबून बांधलेलं होतं, म्हणजे एका हाताने पीस धरायचा आणि दुसऱ्याने स्ट्रोक मारायचा. मग सगळी मशीनं फिरून पाहिली. तीन प्रेसवर तीच पट्टी. सेटरला (मशीनवर डाय बसवणाऱ्याला) माहीत होतं, सुपरवायझरला माहीत होतं, हेल्परांना तर होतंच. एकट्या मला नव्हतं.

त्या मुलाला दुपारी कॅन्टीनमध्ये गाठून विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, माझं नाव घेऊ नका. ठेकेदार उद्या गेटपास बंद करेल." बावीस वर्षांचा आहे, दिव्याहून येतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. दोन वर्षांपूर्वी एका ऑपरेटरने स्वतः येऊन सांगितलं होतं की डायला तडा दिसतोय आणि सकाळपासूनचे काही पीस खराब गेले असावेत. आम्ही रिजेक्शन त्याच्या नावावर टाकलं आणि त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह कापला. त्या कागदावर माझी सही आहे. शॉपमध्ये हे सगळ्यांना आठवतं.

मालक म्हणतात, थोडक्यात टळलेला अपघात जो सांगेल त्याला ५०० रुपये बक्षीस देऊ. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट मांडताही येत नाहीये. अशी गोष्ट घडली त्याच दिवशी तो मुलगा माझ्याकडे यावा, यासाठी काय करावं लागेल? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा.

वागळे_फोरमन

ताई, बक्षीस देऊ नका. आमच्याकडे एकदा दिलं होतं. पहिल्या महिन्यात 'जमिनीवर तेल सांडलं होतं' अशा वीस-बावीस चिठ्ठ्या आल्या. खरी गोष्ट मात्र आली नाही, कारण ती सांगितली की आपलाच सुपरवायझर अडकतो, आणि त्याच्याच हाताखाली उद्या उभं राहायचं असतं. ५०० रुपयांसाठी तेवढं कोण करणार?

मी ३४ वर्षं वागळे इस्टेटला काढली, शेवटची अकरा फोरमन म्हणून. माझा तुम्हाला एकच प्रश्न. दोन्ही हातांनी बटणं दाबून त्या ६० टनीवर शिफ्टला किती पीस निघतात, हे स्वतः उभं राहून मोजलंय का? मला खात्री आहे, तुमचं टार्गेट आणि ती ट्यूब यांचं नातं आहे. टार्गेट ठरवताना कोणीतरी तरबेज ऑपरेटर तासभर चालवला असेल आणि आठाने गुणलं असेल. मुलं अडाणी नसतात. ट्यूब बांधल्याशिवाय आकडा भरत नाही, हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळतं. म्हणून 'कोणी बांधली' हे विचारूच नका. 'का बांधावी लागली' हे विचारा, आणि तेही आधी सुपरवायझरला.

स्टूलच्या चिठ्ठीबद्दल. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ४४ होतं, उभ्याने काम करणाऱ्याला काम न बिघडता मधेमधे टेकता येईल अशी बसायची सोय हवी. म्हणजे ज्याने ती चिठ्ठी टाकली त्याने मेहेरबानी मागितलेली नाही.

आणखी एक सांगतो, मला हे फार जवळचं आहे. नारायण मेघाजी लोखंडे आपल्या ठाण्यात जन्मले. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० सह्यांचं निवेदन दिलं. त्यातल्या मागण्या अशा होत्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. रविवारची सुट्टी मिळायला १८९० चा जून उजाडला. आता तुमच्या अकरा चिठ्ठ्या त्याशेजारी ठेवून बघा. पगार उशिरा, टेकायला जागा नाही, आणि जखम झाली तर काय होईल याची भीती. केक कोणी मागितला होता?

तळोजा_सेफ्टी

काकांशी सहमत. मी तळोज्याला सेफ्टी ऑफिसर आहे, केमिकलमध्ये, पण आधी सात वर्षं प्रेस शॉपमध्येच होतो.

आधी मशीनचं बोलू, कारण तोवर बाकी बोलण्यात अर्थ नाही. ट्यूब बांधून प्रेस चालते याचा अर्थ तुमची दोन बटणं नुसती सिरीजमध्ये जोडलेली आहेत. दोन हातांसाठीचा सेफ्टी रिले बसवा. त्यात दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबावी लागतात आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक मिळत नाही. एक बटण बांधून ठेवलं की प्रेस हलतच नाही. लाइट कर्टनचा (प्रकाशाच्या किरणांत हात आला की मशीन थांबवणाऱ्या यंत्रणेचा) सेल्समन आला तर घाई करू नका. तुमच्या प्रेस जुन्या पिन क्लचच्या असतील तर एकदा पिन पडली की रॅम (वरून खाली येऊन दाब देणारा भाग) पूर्ण फेरा मारूनच थांबतो, मधे हात गेला तरी कर्टन काही करू शकत नाही. तिथे डायभोवती पक्कं गार्ड लागतं, ज्यातून पीस आत जाईल पण बोट जाणार नाही. आणि पीस लांब चिमट्याने किंवा मॅग्नेटने ठेवायचा. न्यूमॅटिक क्लच (हवेच्या दाबावरचा, ज्यात रॅम मधेच थांबवता येतो) असेल तर कर्टनचा उपयोग आहे.

आता माणसांचं. टोयोटाच्या लाइनवर कोणीही कामगार दोरी ओढून अडचण कळवू शकतो, हे आपण सगळ्यांनी ट्रेनिंगमध्ये ऐकलंय. आमच्या जुन्या कंपनीनेही दोरी लावली होती. पहिल्या आठवड्यात एका मुलाने ओढली. सुपरवायझर वीस मिनिटांनी आला आणि पहिलं वाक्य बोलला, "आता काय केलंस?" त्यानंतर मी तिथे असेपर्यंत ती दोरी कोणी ओढली नाही. दोरी ओढल्यावर टीम लीडर लगेच धावत येतो, हा भाग आम्ही आणलाच नव्हता.

माझ्या प्लांटमध्ये जे चाललं ते सांगतो. पेटी काढली. शॉपमध्ये, हजेरीच्या मशीनशेजारी, एक साधा पांढरा फळा लावला. कोणी काय सांगितलं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. सांगणाऱ्याचं नाव त्याला हवं असेल तरच. तारीख हुकली तर ती पुसायची नाही, खाली नवी लिहायची, म्हणजे हुकलेली दिसते. पहिल्या महिन्यात संडास आणि कूलर करून टाका. लोक तुमची परीक्षा तिथेच घेत असतात. कूलर दुरुस्त होत नसेल तर डायच्या तड्याबद्दल कोण सांगेल?

हेल्पर_ए४७

मी पावण्याला ठेकेदाराकडे चार वर्षं आहे. आयटीआय फिटर केलंय पण कागदावर हेल्पर.

मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही त्या मुलाला कॅन्टीनमध्ये विचारलंत. सगळ्यांनी बघितलं असणार. संध्याकाळपर्यंत ते ठेकेदाराच्या माणसापर्यंत गेलं असेल. आमच्यातल्या कोणाशी मोठे साहेब उभं राहून बोलले की बाकीचे विचारतात, काय भानगड केलीस. रोज सगळ्यांशी बोललात तर एकाशी बोललेलं कोणाच्या डोळ्यावर येत नाही.

गेटपासची भीती खरी आहे. माझ्या डोळ्यादेखत दोघांचे बंद झाले, कारण सांगितलंच नाही. तुम्हाला खरंच करायचं असेल तर ठेकेदाराला लेखी द्या, की तुमच्या सहीशिवाय कोणाचा पास बंद होणार नाही, आणि ते पत्र हिंदी-मराठीत गेटवर लावा. पगाराचंही तसंच. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं की ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ कंपनीने द्यायचा आणि त्याच्या बिलातून कापायचा. कंपनी एकदा असं करेल असं दिसलं की ठेकेदार वेळेवर देतो. आमच्याकडे असंच सुधारलं.

अजून एक. आमच्या कॅन्टीनमध्ये कायम लोकांना स्टीलचं ताट मिळायचं आणि आम्हाला कागदाची प्लेट. जेवण तेच, रांग वेगळी. गेल्या वर्षी नवीन मॅनेजर आले, त्यांनी पहिल्या आठवड्यात एक रांग केली. मूल्यं वगैरे आमच्याही भिंतीवर आहेत, ती मी वाचलेली नाहीत. ताट बदललं ते आईला फोन करून सांगितलं होतं.

रबाळे_प्रेसशॉप

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार, विशेषतः ए४७ चे. कॅन्टीनची चूक माझी होती आणि ती माझ्या लक्षातही आली नव्हती. त्या मुलाशी नंतर ठाण्याला ९-१० नंबर प्लॅटफॉर्मवर गाठ पडली, तेव्हा तो आपणहून बोलला.

काका, मोजलं. दोन दिवस, दोन शिफ्ट, मी स्वतः प्रेसशेजारी. दोन्ही हातांनी, घाई न करता, मधला चहा धरून शिफ्टला २,९०० पीस. आमचं टार्गेट ३,६०० होतं. ते २०१७ साली ठरलंय आणि त्या शीटवर कोणाची सही नाही. मालकांपुढे दोन्ही आकडे ठेवले. ते बराच वेळ गप्प होते. मग डिस्पॅचचं काय, असं विचारलं, आणि तो प्रश्न रास्तच होता. सध्या तो जॉब दोन प्रेसवर विभागलाय आणि एका ग्राहकाला तारीख चार दिवसांनी पुढची दिलीय. टार्गेट २,९०० झालं. रिले मागवलेत. पहिले तीन बसले, ट्यूबवाल्या प्रेसवर. तळोजाचं बरोबर होतं, १४ पैकी ९ पिन क्लच निघाल्या. त्यांची गार्ड आमच्याच फॅब्रिकेशनमध्ये बनतायत, आणि डिझाइन सेटर आणि दोन ऑपरेटर बसून करतायत.

तो दोन वर्षांपूर्वीचा कागद फाइलमधून काढला. पहिल्या शिफ्टच्या सुरुवातीला, सकाळी ७ ला, सगळ्यांसमोर वाचला. ही माझी सही, हा निर्णय चुकीचा होता, एवढंच म्हणाले. कापलेले ८५० रुपये त्या ऑपरेटरला परत दिले. हात थरथरत होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी काही बोललंही नाही, सगळे मशीनवर गेले. मला वाटलं, फुकट गेलं.

गेल्या गुरुवारी सेकंड शिफ्टचा सेटर माझ्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, नऊ नंबरचा रॅम वर थांबत नाही, थोडा खाली घसरतो, ब्रेकचा पट्टा गेलाय बहुतेक, पण तिच्यावर अर्जंट जॉब आहे. मी त्याच्याबरोबर गेले आणि प्रेस बंद केली. साडेचार तास गेले. पट्टा खरंच झिजलेला होता. तळोजाचं वाचून आम्हीही लावलेल्या फळ्यावर त्याने स्वतः लिहिलं, नावासकट.

गेटपासचं पत्र लागलंय. एका ठेकेदाराने सही केली, दुसरा अजून टाळतोय, त्याचं काँट्रॅक्ट जूनमध्ये संपतं. कॅन्टीनची रांग आमची आधीपासून एकच होती, पण कप वेगळे होते. ते मला ए४७ चं वाचेपर्यंत दिसले नव्हते.

आता स्टूल. काका, तुमच्याकडे उंची किती ठेवली होती? आमच्या प्रेसचं बेड जमिनीपासून ८५ सेंमीवर आहे, नेहमीची स्टूल बुटकी पडतात आणि मुलं पुढे वाकतात.

वागळे_फोरमन

६० ते ६५ ठेवा, आणि एकच उंची नको, खाली-वर होणारी करा, कारण तुमच्याकडे पाच फुटांचा माणूसही असेल आणि सहा फुटांचाही. पाय लोंबकळले तर मुलं बसणार नाहीत, म्हणून २० सेंमीवर पाय टेकायला गोल पाइप हवाच. चार पाय, खाली रबर, चाकं अजिबात नकोत, प्रेससमोर स्टूल सरकता कामा नये. पहिलं एकच बनवा आणि ज्या प्रेसवर चिठ्ठीवाला असेल असं वाटतं तिथे आठवडाभर ठेवा. काय बदलायचं ते तो सांगेल.