आजोबांच्या कॅसेट्सना बुरशी आलीय, कशावर ऐकू? (बजेट ५००० रु.)

खारी_हवा (देवगड)
नमस्कार मंडळी. गणपतीआधी माळा साफ करताना आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत ४० च्या आसपास कॅसेट्स आणि ९ जुन्या तबकड्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) मिळाल्या. कॅसेट्स बहुतेक नाट्यगीतांच्या आणि डबलबारीच्या (दोन भजनी बुवांचा सामना). निम्म्यांच्या फितीवर पांढरी बुरशी आहे.

एक कॅसेट विकतची नाही. ९० मिनिटांची, वर आजोबांच्या अक्षरात 'घरचे भजन, गणपती १९८७'. पेटीवर आजोबा, झांजा बाबांच्या हातात. आजोबा जाऊन १९ वर्षं झाली.

काही नाट्यगीतं फोनवर शोधून ऐकली. आवाज मोठा येतो, पण तबला, ऑर्गन, गळा सगळं एकाच पातळीवर चेपल्यासारखं वाटतं. माझ्या आठवणीत असं नव्हतं. खरंच फरक आहे का?

५००० च्या आत काय घ्यावं? बाबांचा टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) घरात आहे, पण २० वर्षं बंद.

तबकडीवेडा
कॅसेट राहू दे, आधी तबकड्यांकडे बघ! मी गेल्या वर्षी ३२ हजारांचं टर्नटेबल घेतलं, एका रुपयाचा पश्चात्ताप नाही. फक्त ७८ चा वेग आहे ना ते बघून घे, बऱ्याच नव्या मशीनवर ३३ आणि ४५ च असतात. आणि एलपीची (३३ च्या तबकडीची) सुई ७८ च्या तबकडीवर ठेवू नकोस. त्या खाचेला जवळजवळ तिप्पट रुंद टोकाची सुई लागते. बारीक सुई तळाशी घासत जाते, नुसती खरखर ऐकू येते.

मालवणी_गडी
माका विचारशात तर इतको खर्च कित्याक? नाट्यगीतां, डबलबारी, सगळा यूट्यूबार आसा. फोनाक बरो स्पीकर जोड नि आयक.

चिपळूणची_मी
आमचं ऐका. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी होतं, ६० कॅसेट्स चिखलात गेल्या. घाईघाईने गच्चीवर उन्हात वाळत घातल्या आणि डब्या वाकल्या, फीत सुरकुतली. एका दुकानदाराने 'करून देतो' म्हणून १५ कॅसेट्स नेल्या, ८ परत आल्या, त्याही कोऱ्या. ज्या मी घरात सावलीत पंख्याखाली ठेवल्या होत्या त्या मात्र आजही वाजतात. ऊन अजिबात दाखवू नका.

जुना_ठोकळा
मी यूएसबीवाला छोटा प्लेअर २२०० ला घेतला. घेऊ नका. मोटर डगमगते, लांब आलाप लावला की सूर थरथरतो. डबलबारीच्या गजरात कळत नाही, पण नाट्यगीतात जीव जातो.

आंब्याची_पेटी
बुरशीला तांदळाच्या डब्यात ठेवा, ओल शोषून घेतो. तबकड्या स्पिरिटने पुसा, लख्ख होतात.

तबकडीवेडा
स्पिरिट नको!! ७८ च्या बहुतेक तबकड्या लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. माझ्या मामांनी बालगंधर्वांची एक अशीच घालवली. ऊर्ध्वपातित पाणी, मऊ कापड, मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही.

फीतवाला (रत्नागिरी)
३० वर्षं टेपवर काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आवाजाचा फरक खरा आहे. नव्वदीनंतर अनेक जुनी ध्वनिमुद्रणं पुन्हा काढताना हळू भाग वर उचलला आणि मोठा भाग दाबला, कारण मोठं ते चांगलं वाटतं. गायक सम गाठायला आवाज उतरवतो, ते उतरणंच पुसलं जातं. वर काही ठिकाणी खरखर काढताना तंबोऱ्याचा झंकारही गेला. मूळ रेकॉर्डिंग कमी प्रतीचं होतं असं समजू नका. स्टुडिओत फीत सेकंदाला ३८ सेंमी पळायची. तुमच्या कॅसेटमध्ये ती ४.७६ सेंमी पळते, म्हणून फुसफुस जास्त. पण चढउतार बहुधा शाबूत असतो.

बुरशीची कॅसेट चांगल्या यंत्रात घालू नका, हेडला (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) लागते आणि पुढच्या कॅसेटवर जाते. तोंडाला फडकं बांधा. पाच स्क्रूची डबी असेल तर उघडून फीत नव्या डबीत घाला. गुंडाळताना कोरड्या मऊ कापडातून हलकेच सरकू द्या. तांदूळ नको, पीठ उडतं. सिलिका जेल आणि घट्ट झाकणाचा डबा पुरे.

तबकडीवेडा
पण त्या ७८ मोनो होत्या, साठच्या दशकात त्याच एलपीवर आणताना कृत्रिम स्टीरिओ केल्या, तिथेच पहिला घोटाळा झाला.

जुना_ठोकळा
साठीत सगळ्या केल्या नाहीत. माझ्याकडच्या एलपीवर स्वच्छ मोनो लिहिलंय.

तबकडीवेडा
सगळ्या म्हटलंच नाही मी.

फीतवाला (रत्नागिरी)
धागा कॅसेटचा आहे. एक राहिलं : हेड किंचित तिरकं असलं की झांजा बोथट येतात. घरची कॅसेट ज्या यंत्रावर भरली असेल, त्याचं हेड जसं तिरकं तशीच ती भरली गेलीय. दुसऱ्या यंत्रावर वाजवताना हेडचा स्क्रू झांजांवर कान ठेवून फिरवावा लागतो. म्हणून जुना चांगला कॅसेट डेक घ्या, ९-१० हजारांत मिळेल.

मालवणी_गडी
माझा चुकला. घरचां भजन यूट्यूबार खंय गावतला!

खारी_हवा (देवगड)
सगळ्यांचे आभार. ठरवलं : डेक नाही, यूएसबी नाही, टर्नटेबल नाही. फीतवाले, तुमचं शेवटचं वाचून बाबांना फोन केला. ती कॅसेट याच टू-इन-वनवर भरलेली आहे, पडवीत खुर्चीवर ठेवून. मग तोच दुरुस्त करतो.

फीतवाला (रत्नागिरी)
जुन्या टू-इन-वनची मोटर कधी दगा देईल सांगता येत नाही. मी डेकच सुचवेन. पण करणारच असाल तर हेडचा स्क्रू कुणाला फिरवू देऊ नका.

खारी_हवा (देवगड) *(१२ दिवसांनी)*
कणकवलीला एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडे दिला. आतला पट्टा वितळून काळा डांबरासारखा झाला होता. दोन पट्टे, रबरी चाक, हेडची सफाई, ८५० रु. स्क्रूला हात लावला नाही. हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपला वायर, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमवर भरलं.

पहिल्यांदा लावलं तेव्हा सगळं जाड, ओढल्यासारखं. आजोबांची पेटी अजून घरात आहे. ते काळी एकमध्ये गायचे. पेटीवर काळी एक दाबून धरली तर टेप पांढरी एकच्या जवळ, म्हणजे जवळजवळ अर्धा सूर खाली. मोटरच्या मागच्या भोकातून वेगाचा स्क्रू हळूहळू फिरवला आणि दोन्ही सूर एकमेकांत मिसळले. बाबा शेजारी बसले होते, म्हणाले, "हां, आता अण्णा."

झांजा लख्ख आल्या. मधे पाऊस पत्र्यावर वाजतो. दुसऱ्या बाजूला आजी आतून "चहा झालो रे" म्हणते आणि पेटी थांबते.

विकतच्या २३ कॅसेट्स वाचल्या. तबकड्या पुढच्या वर्षी.

मालवणी_गडी
भजनाची फाइल धाड. आमच्या वाडीत यंदा लावतंव.