गोवा ट्रान्स: मामांच्या कॅसेटी आणि आमच्या पिढीची ओढ

प्रश्न – खानापूरकर

माझे मामा नव्वदच्या दशकात बेळगावहून भाजीचा टेम्पो घेऊन अनमोड घाटाने म्हापशाला जात, आणि माल उतरवून झाला की हणजुण्याच्या किनाऱ्यावर रात्रभर चालणाऱ्या पार्ट्यांना थांबत. तिथे मिळवलेल्या गोवा ट्रान्सच्या, म्हणजे त्या किनाऱ्यांवर घडलेल्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या, कॅसेटी त्यांनी आता माझ्या स्वाधीन केल्या आहेत. मी आणि माझे मित्र हेच संगीत मोबाइलवर ऐकतो व ते आम्हाला मनापासून आवडते. मामा मात्र दोन मिनिटे ऐकतात आणि ‘हे ते नव्हे’ एवढेच म्हणतात. त्यांना नेमके काय हरवल्यासारखे वाटते? आणि जो काळ आम्ही पाहिलाच नाही, त्याची आमची हुरहुर उसनी म्हणायची का?

उत्तर – टिळकवाडीकर

मामांचे म्हणणे मला पटते, आणि त्याचे बरेचसे कारण यंत्रांत आहे. किनाऱ्यावरच्या उन्हाने व धुळीने व्हायनिलच्या तबकड्या खराब होत, म्हणून ऐंशीच्या दशकात तिथे कॅसेटी वाजत. सोनीने १९८७ मध्ये डॅट टेप (आवाज डिजिटल रूपात साठवणारी छोटी कॅसेट) बाजारात आणल्यावर पार्ट्यांत संगीत वाजवणारे डीजे हळूहळू तिच्याकडे वळले. बहुतेक डॅट यंत्रांत वेग कमीजास्त करण्याची सोय नसल्यामुळे दोन रचनांचे ठेके एकमेकांवर बसवणे अवघड होते. त्यामुळे पुष्कळ रचनांची सुरुवात आणि शेवट ठेक्याविना, लांबवलेल्या स्वरांचे असत, म्हणजे एक विरत असताना दुसरी अलगद आत येई. मध्यरात्री काळोखे, जड आवाज आणि उजाडताना सुरेल रचना, असा रात्रीचा क्रमही ठरत गेला. मोबाइलवर मधलीच एखादी रचना काढून ऐकली की हा सगळा आधार निघून जातो. कॅलिफोर्नियातून येऊन गोव्यात रुजलेले आणि २०२३ मध्ये निवर्तलेले डीजे गोवा गिल पुढे सगळे संगणकावर गेल्यानंतरही डॅटलाच धरून राहिले, ते उगाच नव्हे.

उत्तर – बार्देशची माहेरवाशीण

माझे माहेर बार्देशात, म्हणजे हणजुण्याच्याच तालुक्यात, आणि सासर बेळगावात, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. या आठवणींत गाव क्वचितच येते. नाचणाऱ्यांच्या कडेने आमच्याकडच्या बायका चटया अंथरून, रॉकेलचे दिवे लावून पहाटेपर्यंत चहा आणि आमलेट विकत. माझी मावशी त्यांपैकी एक होती. स्टोव्ह, पातेले आणि अंड्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती अंधारात डोंगर चढे, आणि त्या पैशांवर तिने घरावर नवी कौले घातली. त्याच रात्री शेजारची दहावीची मुले कानांत कापूस घालून अभ्यास करीत, आणि नशेमुळे वाहून गेलेले तरुण आमच्या वाड्यांतही होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई केली, तेव्हा आईला हायसे वाटले आणि मावशीचा धंदा बसू लागला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मामांना संगीताबद्दल विचाराल तेव्हा ते चहा कोणाकडे घेत, हेही अवश्य विचारा.

उत्तर – शहापूर

हुरहुर उसनी आहे, असे मी मुळीच मानत नाही. रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र १९८१ मध्ये गिटारवादकांना बेसची साथ मिळावी म्हणून निघाले, खपले नाही आणि १९८४ मध्ये बंद झाले. मग शिकागोच्या तरुणांनी ती यंत्रे जुन्या बाजारातून स्वस्तात उचलली आणि त्यांच्या चिरकत्या, वळणाऱ्या आवाजातून अ‍ॅसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार उभा केला. तोच आवाज पुढे गोवा ट्रान्समध्ये आला. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी तर १९८२ मध्येच याच यंत्राच्या साथीने दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले होते. तेव्हा कोणी फारशी दखल घेतली नाही, आणि २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाल्यावर जगभरच्या तरुणांनी ती डोक्यावर घेतली. आधीच्यांनी टाकलेले उचलूनच हे संगीत वाढले आहे.

कॅसेटींचे मात्र लवकर पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते, आणि फितीमागच्या पट्टीवरचा लोकरीचा बारीक तुकडा गळून पडला की आवाज दबतो. तो दुसऱ्या कॅसेटीतला काढून चिकटवता येतो. संगणकावर घेताना अख्खी बाजू सलग घ्या, तुकडे पाडू नका. वर क्रम लिहिलेला नसेल, तर रात्रीची कोणती आणि पहाटेची कोणती, हे मामांकडून आधी लिहून घ्या.